काकूचं दाभण

सकाळीच गजूचा फोन आला. "ताई, माय गेली... झोपेतच गेली." गजू माझा चुलत भाऊ, नि त्याची माय म्हणजे माझी पुनाकाकू. पिकल्या वयाची बाई, अंथरुणाला न खिळता गेली. रडू आलंच, पण खरं सांगते, आधी हायसं वाटलं. मग मात्र काकाची काळजी लागली. काकू नेहमी म्हणायची, "तुह्या काकाले डब्याले भोक पाडणं शिकवल्याबिगर मी मरत नाई." ते शिकवून झालं होतं की नाही, कुणास ठाऊक!

दारव्ह्याजवळच्या त्यांच्या वावरात काकाचा जीव कपाशीत, तर काकूचा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. धुऱ्यावर वालाचे वेल, कपाशीच्या तासांमध्ये, ओळींच्या मधोमध, आंबाडी नि बरबटीची चवळी, विहिरीपाशी वांगी. उन्हाळ्यात घराच्या टिनांवर जुनी लुगडी अंथरून वांग्याच्या फोडी, गवार, टमाटे वाळत पडलेले असायचे, आणि ही बया खाली बाजेवर बसून कावळ्यांशी भांडायची. "भाजीची तासं कमी कर वं, तेवढीच कपाशी होईन," असं काकानं म्हणायचा अवकाश! "मंग आषाढात कापूस शिजवून वाढू का तुमाले?" आषाढात त्याच वाळल्या वांग्यांचा रस्सा काका वाटी पुसून खायचा, हेही सांगायला हवं.

एका उन्हाळ्यात, मी सुट्टीला तिथे असताना, लोणच्याची मोठी बरणी तडकली. काकू माहेरी गेलेली, घरात कैऱ्या चिरून मीठ लावलेल्या. आता बायकोला खूश करावं म्हणून काकानं काय करावं? कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा राखेनं घासला, उन्हात वाळवला, नि सगळं लोणचं मसाला घालून त्यात भरलं! घट्ट झाकणाचा डबा, कशाला वाया घालवायचा... आमच्याकडे असंच चालायचं. काकूनं येऊन झाकण उघडलं, वास घेतला आणि ओरडलीच. "कोनी खाल्लं का? सांगा ना, कोनी खाल्लं का?" कुणीच खाल्लं नव्हतं. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मग तिनं वर्षाचं लोणचं खड्डा करून पुरलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. काका बिचारा म्हणत राहिला, "तीन पान्यानं धुतलं होतं वं मी..."

त्या दिवशी तिनं पोती शिवायचं दाभण चुलीत तापवलं आणि डब्याला आरपार भोक पाडलं. एक पाडलं, मग दुसरं. मी विचारलं, "दोन काहून?" म्हणाली, "एका भोकात कोनीबी बोळा कोंबते, पोरी. दोन दिसले का मानूस नाद सोडते." तेव्हापासून घरात बिनभोकाचा रिकामा डबा राहिला नाही.

पुढे कापसाची वाईट वर्षं आली. बोंडं सडायची, भाव पडायचा. गावोगावच्या नको त्या बातम्या कानावर यायच्या. काका ओसरीवर तासन्‌तास मुका बसायचा. रिकाम्या डब्यांना दाभण होतं, पण भरलेल्यांचं काय? ते तिनं वावरातल्या खोलीत कुलपात ठेवले, नि किल्ली कमरेला. मला एकदाच म्हणाली, "कापसाचं काय वं, या सालचा गेला तं पुढच्या साली येईन. हा मानूस जाऊ नये." काकाला ती किल्ली कळत होती. तो चिडायचा, पण मागायचा नाही. आणि तो गेला नाही. ऐंशीच्या घरात पोचला, दात गेले तरी लोणचं मागतोय.

तेरवीला गेले. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले. गजूनं फवारणीचा रिकामा डबा अंगणात आणून टाकला. काका काठी टेकत उठला. भिंतीच्या फटीत खोचलेलं दाभण त्यानं काढलं, चुलीत तापवलं, डब्यात खुपसलं. डबा उजेडात धरून मला म्हणाला, "पाह्य, आरपार दिसते."

मी म्हटलं, "छान झालं, काका. ठेवा आता."

"ठेवू कसं? तुही काकू बोलन ना मले," तो म्हणाला, आणि दाभण पुन्हा चुलीत घातलं.