सुशीलाताईंच्या कॉम्प्युटरमधला आवाज

सुशीलाताई कॉम्प्युटर सुरू करून लगेच कामाला लागत नसत. बटण दाबायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. पडदा उजळला की स्पीकरमधून एका पुरुषाचा आवाज येई, "सुशीला, झाली का मशीन चालू?" मागोमाग कोरडा खोकला. मग त्या कीबोर्ड पुढे ओढत. नेरच्या त्यांच्या टायपिंगच्या दुकानात मी शाळेच्या प्रश्नपत्रिका घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा चमकून मागे पाहिलं होतं. मागे कुणीच नव्हतं.

तो आवाज त्यांच्या नवऱ्याचा, अशोकचा. अशोक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाचे भाव पडले, गाड्या येईनाशा झाल्या, जिनिंगला कुलूप लागलं. पण त्याच्या छातीत गेलेली रुई काही निघाली नाही. काम सुटल्यावर यवतमाळहून हा कॉम्प्युटर त्यानेच आणला. सोबत मराठी टायपिंगचा आणि आवाज भरण्याचा प्रोग्रॅम मिळाला होता. एका दुपारी गमतीने त्याने आपला आवाज भरला आणि मशीन सुरू होताना तोच वाजेल असं करून ठेवलं. पुढचा कापूस फुटायच्या आत तो गेला.

त्याची आई, सखुबाई, रोज सकाळी दुकानात येऊन बसे. तिला फारसं दिसत नसे. आवाज झाला की पदराने तोंड पुसून ती घरी जाई. सासू-सुना त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. सुशीलाताई मला मात्र एकदा म्हणाल्या, "सर, मानूस ऐकू येते तोवर गेला म्हनता येत नाही."

पुढे कचेऱ्यांना नव्या पद्धतीचं मराठी टायपिंग लागू लागलं. ताईंच्या जुन्या प्रोग्रॅममधली अक्षरं दुसऱ्या मशीनवर नुसत्या चौकटी होऊन उमटत. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात वळलं. ताईंची मुलगी अमरावतीला नर्सिंग शिकत होती, तिच्या फीला पैसे लागत होते. यवतमाळचा दुरुस्तीवाला म्हणाला, जुनं सगळं पुसून नवीन टाकावं लागेल, आवाज हवा तर सीडीवर काढून देतो. ताईंनी त्याला दोनदा परत पाठवलं. सीडीला काय हरकत आहे, असं मी विचारलं.

"सीडी मी लावन तेव्हा वाजन," त्या म्हणाल्या. "आता तो आपल्या मनानं बोलते. अन् आईले काय सांगू? ते त्याच्यासाठीच येते रोज."

सखुबाई त्या दिवशी अजून घरी गेली नव्हती, कोपऱ्यात बसली होती, हे आम्ही दोघेही विसरलो होतो. ती सावकाश म्हणाली, "मी तं तुह्यासाठी येत होती, माय. मले वाटे, एकटीनं तुले ऐकवनार नाही."



"मले तं फक्त खोकलाच ऐकू येते," सखुबाई म्हणाली. "मेल्यावरही लेकरू खोकूनच राह्यलं. आता थांबू दे त्याले."

त्याच आठवड्यात मशीन पुसली गेली. सीडी ताईंनी घेतली, पण लावल्याचं मी कधी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर सखुबाई नेहमीच्या जागी होती. मशीन कुठलीशी परकी धून वाजवून गप्प झाली. दुकान इतकं रिकामं वाटलं, की मला तिथे उभं राहवेना. सखुबाई मात्र उठली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तो लहानपनी कापसाच्या पऱ्हाटीत हरवला होता, सांगतलं होतं का त्यानं तुले?"

ताईंनी मानेनेच नाही म्हटलं, माझी प्रश्नपत्रिका बाजूला सारली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.