कॉलिनच्या रायफलचं तिसरं माप

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से साठतात. रोज झाडलं तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. पुण्यातल्या मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर विचारतात, तू नक्की करतेस काय गं तिकडे? मी मेकॅनिकल इंजिनियर, क्राइस्टचर्चच्या हॉर्नबीमध्ये एका वर्कशॉपात शिकारीच्या रायफलींच्या नळ्या घडवते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. भीती नाही वाटत? बंदुकीची नाही वाटत, बायांनो. बाकीचं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

वर्कशॉप ग्रेमचं. सत्तरी ओलांडलेला, हातभर दाढीचा, कमी बोलणारा माणूस. तो दुकानात मांडून ठेवायला रायफल बनवत नाही, एखाद्या माणसासाठीच बनवतो. नळी आणि लोखंडकाम माझ्याकडे. दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतो तो लाकडी भाग, त्याच्याकडे. अक्रोडाच्या लाकडाला तो मला कधी हात लावू देत नाही, आणि माझ्या मशीनपाशी मी त्याला फिरकू देत नाही. त्यामुळे आमचं छान चाललंय.

*

ग्रेमची माप घेण्याची रीत आधी सांगायला हवी. शिंप्यासारखं तो गिऱ्हाइकाचं माप घेतो, आणि तेही तीनदा. गिऱ्हाइकाने उभं राहून डोळे मिटायचे, रिकामी रायफल खांद्याला लावायची, गाल लाकडावर टेकायचा आणि मग डोळे उघडायचे. ग्रेम समोर, नळीच्या तोंडापाशी उभा असतो आणि उलट्या बाजूने त्या माणसाच्या डोळ्यात बघतो. डोळा नेमाच्या रेषेत आला की माप जमलं. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून झाल्यावरही तो बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय गोळी सुटूच शकत नाही तो भाग, काढून स्वतःच्या खिशात टाकतो, त्याशिवाय नळीसमोर उभा राहत नाही. तोंडाने एवढंच चालू असतं, "हनुवटी जरा खाली, मेट." "मान सैल सोड." तिसरं माप झाल्याशिवाय तो लाकडाला जवसाचं तेल लावत नाही, आणि तेल लागल्याशिवाय रायफल दाराबाहेर जात नाही. या नियमाला अपवाद नाही.

मंदार नावाचा एक मुलगा, मूळचा ठाण्याचा, आयटीतला, ऑकलंडच्या हिल्सबरोमध्ये राहणारा. त्याला किवी मित्रांनी शिकारीचा नाद लावला. लायसन्स काढून, विमानाने तो पहिल्या मापाला आला तो शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून! ग्रेमने त्याच्या पायांकडे बघितलं आणि डोंगरात हेच घालून जाणार आहेस का, असं विचारलं. जाड जॅकेटने खांदा पुढे येतो, बुटाने उभं राहणं बदलतं, म्हणून शिकारीचे सगळे कपडे चढवून माप द्यायचं असतं. बिचारा मोटेलवर जाऊन बूट-जॅकेट-टोपीसकट परत आला. ऐन उन्हाळ्यात घामाने निथळत उभा राहिला. मला मराठीत म्हणाला, "ताई, लग्नाच्या सूटसाठीसुद्धा माझं एवढं माप कुणी घेतलं नव्हतं."

मग डोळे मिटणं, गाल टेकणं, डोळे उघडणं, सगळं झालं. ग्रेम "स्वीट अ‍ॅज" म्हणाला, म्हणजे झकास, आणि चहा ठेवायला गेला. मंदार मात्र मान वळवून मागे बघत होता. काय झालं, म्हणून मी विचारलं.

"तो माझ्याकडे बघत नव्हता, ताई. माझ्या मागे बघत होता."

मी हसले. त्याच्या मागे भिंत होती.

*

आता कॉलिन. हा बिल्डर होता, ग्रेमचा जुना दोस्त. अक्रोडाचा ठोकळा त्याने स्वतः निवडलेला, दोन मापं झालेली, तिसरं राहिलेलं. त्याच दिवसांत तो जुनी रायफल घेऊन एकटाच वेस्ट कोस्टच्या डोंगरात गेला आणि परतला नाही. रस्ता संपतो तिथे त्याची गाडी सापडली. शोधपथकांनी रान पालथं घातलं, नदीचे काठ बघितले, हेलिकॉप्टर फिरलं. बूटसुद्धा मिळाला नाही.

मग जिभा सुटल्या. त्याचं आणि त्याच्या बायकोचं, ट्रिशचं, त्या वर्षी बरं चाललं नव्हतं. तो ऑस्ट्रेलियात मजेत आहे, असं त्याचा सख्खा भाऊ चारचौघांत म्हणायला लागला. कुणी म्हणे त्याला ब्रिस्बेनच्या विमानतळावर बघितलं. लोकांना काय, ट्रॉली ढकलत सुपरमार्केटमध्ये हे बोलायला काहीच लागत नाही. ट्रिश मागच्याच रांगेत उभी असायची.

ती अधूनमधून वर्कशॉपला येते. दारातूनच "किया ओरा" असा इथला रामराम करते, येताना केक घेऊन येते, आणि कॉलिनची रायफल बघायला मागते. ग्रेम बंदुका ठेवायची स्ट्राँगरूम उघडतो, ती बघते आणि जाते. हात लावत नाही. एकदा ग्रेम फोनवर होता तेव्हा ती मला म्हणाली, "मेला असेल तर मला रडायचंय. सोडून गेला असेल तर शिव्या द्यायच्यात. दोन्ही एकदम कसं करू, सांग."

मी केक खात राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कमी वेळा वाटली आहे.

तिने ग्रेमला किती वेळा म्हटलं की ही रायफल पुरी करून टाक, मला दे, माझ्या डोक्यातून जाऊ दे. ग्रेमचं उत्तर एकच. तिसरं माप राहिलंय.

*

मंदार त्याची रायफल न्यायला आला त्या दिवशी स्ट्राँगरूम उघडी होती आणि आम्ही दोघं तिथेच होतो. त्याने कॉलिनची रायफल पाहिली आणि प्रेमातच पडला. उचलू का, म्हणाला. ग्रेमने ती रिकामी असल्याचं बघून मान डोलावली. मंदारने ती खांद्याला लावली, गाल टेकला आणि लगेच खाली घेतली. जपून, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी परत ठेवली.

गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाला, "छान आहे, पण मला सेकंडहँड नको."

सेकंडहँड कसली? त्या रायफलीतून अजून एक गोळी सुटलेली नाही, असं मी सांगितलं.

"असं कसं? कुणीतरी रोज वापरतंय ती," मंदार म्हणाला. "लाकूड बघ की."

मी आत येऊन बघितलं. तेल न लावलेलं अक्रोडाचं लाकूड फिकट असतं, कोरं. त्याला हाताचा घाम लागत गेला की ते तिथे काळवंडतं. कॉलिनच्या दस्त्यावर गाल टेकतो तिथे तळहाताएवढा काळसर डाग होता. मुठीशी बोटांचे वेगळे.

ग्रेमला दाखवलं. स्ट्राँगरूमची किल्ली कायद्याप्रमाणे त्याच्याकडेच असते, गळ्यात. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, मी त्याच्याकडे त्याहून संशयाने. शेवटी त्याने मला रायफल खांद्याला लावायला लावली. माझा गाल डागाच्या बराच पुढे आला. मग त्याने स्वतः लावली. त्याचा मागे राहिला. मग त्याने पॉलिश पेपर घेतला आणि डाग घासून टाकला. लाकूड परत कोरं झालं.

हिवाळा संपेपर्यंत डाग परत आला होता, त्याच जागी. ग्रेमने परत घासला. घासताना पुटपुटला, "दमाने घे, मेट, दस्ता संपेल अशाने." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

*

खंडेनवमीचा किस्सा माझ्या आईला अजून सांगितलेला नाही. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकत नाही. वडिलांच्या कारखान्यात पान्यांपासून प्रेसपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. मी इथेही लेथची पूजा करते. झेंडू मिळत नाही, पण त्या सुमाराला कोव्हाईची पिवळी फुलं झाडाला लगडलेली असतात, ती वाहते. ग्रेम पहिल्या वर्षी बघत राहिला, दुसऱ्या वर्षी त्याने न सांगता टोपी काढली.

यंदा म्हणाला, स्ट्राँगरूममधल्यांनाही लाव. मी एकेका नळीला बोट लावत गेले, लोखंडावरचं पुसलं जातं. कॉलिनच्या रायफलीपाशी माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे, मी बोट थेट कोऱ्या लाकडावर टेकवलं, बरोबर गालाच्या जागी. हळद आणि वर कुंकू. कोऱ्या लाकडात मुरलेली हळद घासूनही धड निघत नाही. ग्रेमने बघितलं, उद्या बघू म्हणाला आणि कुलूप लावलं.

सकाळी त्याने माझ्यासमोर कुलूप उघडलं. बाकी सगळ्या नळ्यांवरची बोटं जशीच्या तशी होती. कॉलिनच्या लाकडावर हळदीचा कणही नव्हता. मी बोट फिरवलं, नख फिरवलं. काही नाही.

ग्रेमने खांदे उडवले. "कॉलिनला नटवलेलं कधीच आवडायचं नाही."

*

आणि हा मागच्या महिन्यातला. ग्रेम वर्कशॉप बंद करून नेल्सनला मुलीकडे राहायला चाललाय. सगळ्या रायफली ज्याच्या त्याच्याकडे गेल्या, ही एकच उरली. ट्रिशला आता घराचा निर्णय घ्यायचा होता, कागदांवर सही करायची होती, आणि त्यावर नवऱ्याबद्दल 'मृत' लिहायला तिचा हात धजत नव्हता. कॉलिनचा भाऊ फोनवर सारखा सांगत होता, थांब, तो परत येईल आणि तुलाच हसेल. ग्रेमने तिला शनिवारी सकाळी बोलावलं. मलाही थांबायला सांगितलं.

स्वच्छ ऊन होतं. शटर अर्धं वर, शेजारच्या टायरवाल्याचा रेडिओ चालू. ग्रेमने रायफल लाकडी स्टँडमध्ये बसवली, कॉलिनच्या खांद्याच्या उंचीवर, पहिल्या दोन मापांच्या वेळी त्याने धरली होती तशी. मला वाटलं, म्हाताऱ्याला एक उपचार पुरा करायचाय, ट्रिशच्या समाधानासाठी. चांगली गोष्ट आहे, म्हटलं.

मग त्याने बोल्ट काढला आणि खिशात टाकला. दस्त्यामागे कुणीही नव्हतं. तरीही तो आधी ते करूनच नळीसमोर जाऊन उभा राहिला.

ट्रिश माझ्या शेजारी होती. ग्रेमने वाकून, नेहमीसारखा एक डोळा बारीक करून, उलट्या बाजूने बघितलं. टायरवाल्याकडे गाणं संपून बातम्या लागल्या.

"हनुवटी जरा खाली, मेट," ग्रेम म्हणाला.

सगळ्यांना म्हणतो त्याच आवाजात. मी ट्रिशकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. ग्रेम थोडा थांबला. मग त्याने मान डोलावली.

"हां, अस्सं. मान सैल." आणि परत थोड्या वेळाने, "जमलं."

तो सरळ होणार इतक्यात ट्रिश बोलली. आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

"कसा दिसतोय?"

ग्रेम सरळ झाला नाही. तो अजून नळीवरून पलीकडे बघत होता.

"भिजलाय," तो म्हणाला. "केसांपासून खाली, सगळा."

ट्रिश रडली नाही. ती सिंकपाशी गेली, खुंटीवरचा टॉवेल काढला, झटकला, रायफलीच्या मागच्या रिकाम्या जागेपाशी येऊन उभी राहिली आणि घे म्हणून हात पुढे केला.