कपाटावरचा पंजा

डाग काढण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता. गरम कपाचं वर्तुळ असो की सांडलेली शाई, आधी पॉलिश पेपर, मग लाखेचा बोळा, आणि इथे डाग होता यावर मालकाचाही विश्वास बसू नये. घरचं कपाट तेवढं तीस वर्षं तसंच राहिलं.

"जगाची लाकडं उजळता," बायको म्हणायची, "आमच्या कपाटानं काय घोडं मारलंय?"

"पुढच्या महिन्यात."

"कोणत्या सालच्या?"

ती गेली त्याला वर्ष झालं.

जुन्या सामानात व्हिडिओ बसवणारी एक चित्रकार त्यांच्याकडे ते सामान दुरुस्तीला घेऊन यायची. प्रदर्शनासाठी तिनं ते कपाट मागितलं, आतल्या वस्तूंसकट: काडीला दोरा बांधलेला चष्मा, जोडी हरवलेल्या बटणांचा डबा. कॅमेरा घेऊन ती घरी आली.

"मिस्त्रीकाका, कपाट आहे तसंच हवंय हं."

"असं? चारचौघांत? अहो ताई, ही मला घरात घ्यायची नाही!"

ही नाही, हे क्षणभर दोघंही विसरले. मिस्त्रींनी पॉलिश पेपर हातात घेतला, ताईंना मग अडवणं जमलं नाही. कॅमेरा चालूच राहिला.

प्रदर्शनात कपाट उघडं ठेवलं होतं. चष्मा आणि डब्याच्या मध्ये पडदा, पडद्यावर तेच कपाट, पॉलिशच्या आधीचं. डाव्या दारावर, कमरेच्या उंचीला, काळपट पंजा. पाचही बोटं. गुडघे गेल्यापासून बायको पलंगावरून उठताना तिथेच हात टेकायची, रोज, तेलाचा हात. मिस्त्री त्याच खोलीत झोपत आले होते. पण पॉलिश करताना त्यांना तिथे दिसला होता तो एक डाग.

पडद्यावर एक सराईत हात आला. करंगळीपासून घासायला सुरुवात केली.

"अरे, थांब ना!" मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. शेजारचं जोडपं वळून बघू लागलं.

चार मिनिटांत लाकूड लख्ख झालं. पडदा काळा झाला, व्हिडिओ पहिल्यापासून लागला, आणि पंजा परत आला.

मिस्त्रींनी खऱ्या दारावर तळवा फिरवला. नेमका कुठे होता, तेही सापडेना.

"ताई, तो हात यायच्या आधी बंद करता येईल?"

"मग उरतं काय, काका?"

"चाळीस सेकंद उरतात की."

ताईंचे डोळे भरले, पण त्यांनी काही बंद केलं नाही. मिस्त्री रोज दुपारी येत. चाळीस सेकंद बघत, हात दिसायच्या आत पाठ फिरवत आणि भिंतीकडे तोंड करून उरलेली मिनिटं काढत.

महिन्यानं कपाट घरी आलं, जुन्या जागी, पलंगाला लागून. सकाळी उठताना मिस्त्रींनी डाव्या दाराला हात टेकला. दुसऱ्या दिवशी तेल चोळून टेकला.

पॉलिश फार उत्तम बसलं होतं. हात घसरत राहिला.