खोली लातुरात, मुक्काम गावात

विश्वनाथअप्पा गेल्याचं मला फाट्यावर कळलं. उदगीरहून येणारी सकाळची बस समोर उभी होती आणि कंडक्टर दारातून विचारत होता, "अप्पा कुठं हायत?" तेवढ्यात त्यांचा पुतण्या पळत आला. झोपेतच गेले, म्हणाला. बस बराच वेळ हलली नाही. एरवी जरा उशीर झाला की ड्रायव्हरच्या डोक्यावर बसणारे आम्ही अपडाऊनवाले त्या दिवशी घड्याळाकडं बघायचंही विसरलो.

अप्पा लातूरच्या एका दाळ मिलमध्ये मुनीम, मी तिथल्याच एका शाळेत मास्तर. गाव एक, बसमधला बाकही एक. बस थांबवून धरण्यात अप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता. मला यायला उशीर झाला की ते एक पाय पायरीवर ठेवून दुसऱ्या पायातली चप्पल खाली पाडत आणि मी धापा टाकत पोचेपर्यंत ती शोधत राहत. कंडक्टर करवादायचा, "अप्पा, काय शोधायलात? पायापाशीच हाय की!"

"हाव का? चष्मा इसरलो बघा." चष्मा नाकावर असायचा.

लातुरातच खोली का करत नाही, असं त्यांना जो तो विचारी. त्यांच्या घरच्या कमलकाकू तर रोजच. त्यांना मुलासाठी क्लास हवा होता आणि घरात नळ. लातुरात नळाची आशा धरणारी बाई धाडसीच म्हणायची! अखेर काकू जिंकल्या. मिलजवळ खोली घेतली, टेम्पोत सामान आम्हीच चढवलं. दुसऱ्याच संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बघतो तर खिडकीशी अप्पा! म्हणे, घराचं कुलूप नीट लागलंय का बघून येतो. मग शेजाऱ्याची म्हैस व्यायली, मग कुणाचं बारसं निघालं... थोडक्यात, काकू आणि मुलगा लातुरात, अन् अप्पांचं अपडाऊन चालूच. शेवटी मी चिडलो.

"मास्तर," ते म्हणाले, "फाट्यावर उतरलो की चार जण इचारतात, आलास का अप्पा? लातुरात रातभर न्हाई आलो तरी कुणाला पत्ता लागंना."

"आणि काकू?"

"तिला म्हाईतच असतंय की, मी कुठं हाय ते."

मुलाची परीक्षा होताच काकू बोचकं घेऊन परतल्या. "ह्यांचं लगीन माझ्याशी झालंय का यष्टीशी, तेच कळंना," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. अप्पा गालात हसत होते. फार आठवण येते हो त्यांची.

आता त्याच मुलाचा लातुरात फ्लॅट आहे. अप्पांचे दिवस झाल्यावर तो आईला घेऊन गेला. चला, काकूंना एकदाचं लातूर मिळालं, असं वाटलं. ते अप्पा नसताना मिळालं याचं वाईटही वाटलं. परवा संध्याकाळी बसमध्ये चढलो तर मांडीवर पिशवी घेऊन काकू बसलेल्या.

"काय, गावाकडं काही राहिलं का?"

"न्हाई वो. दिवसभर नातवंडात बरं वाटतंय. दिवस कलला की मन लागंना... मी कालबी आले होते, परवाबी, ह्याच्या मागच्या यष्टीनं."

फाटा आला, मी त्यांची पिशवी उचलली. उतरता उतरता काकू कंडक्टरकडे वळल्या.

"दादा, महिन्याचा पास कुठं काढून मिळतो?"