शेवटच्या खिडकीचा पडदा

मालूआत्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिला चहा हातात पडेपर्यंत मला दोनदा उठावं लागलं. "बसा जावईबापू," त्या म्हणाल्या म्हणून मी फुलाफुलांची चादर घातलेल्या दिवाणावर ऐसपैस बसलो. आत गेलेल्या आत्या लगेच परत आल्या. "जरा उठता का? कपबशा तुमच्याखाली आहेत." मी उठलो. चादर दूर झाली, दिवाणाचं झाकण वर गेलं आणि लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेल्या कपबशा बाहेर आल्या. मी संकोचून समोरच्या बाकावर जाऊन बसलो, तर त्याच्या पोटात साखर होती. मग मी उभाच राहिलो. आत्या म्हणाल्या, "बसा की जी, लाजता कशाला? आता दिवाणात नुसत्या रजया आहेत. रजयांचं काम थंडीत पडतं."

त्या घरात खुर्ची, टेबल, पलंग असं काही नव्हतंच. होत्या त्या सगळ्या पेट्या. फौजेतल्या कुटुंबांकडे काळ्या रंगाच्या लाकडी पेट्या असतात. वर पांढऱ्या अक्षरांत साहेबांचं नाव आणि हुद्दा. बदली झाली की संसार पेट्यांत जातो, नव्या गावात पोचला की त्याच पेट्यांवर गादी टाकून पलंग होतो. निवृत्तीनंतर लोक त्या कुणाला तरी देऊन टाकतात आणि सोफा घेतात. आत्यांचे कर्नलसाहेब निवृत्त झाले, दोघांनी सिकंदराबादला हा फ्लॅट घेतला, नंतर कर्नलसाहेब गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. पेट्या मात्र ट्रकची वाट बघत असल्यासारख्या झाकण मिटून तिथेच बसून होत्या.

मालूआत्या माझ्या बायकोच्या आत्या. बायको, म्हणजे वैदेही, फौजेत डॉक्टर आहे, मेजर. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, म्हणजे फौजेच्या दृष्टीने मी सामानात मोडतो. आत्यांचं माहेर हैदराबादेतलं, मलकपेठेत रेसकोर्सजवळ. घराण्यात सगळे कोर्टकचेरीतले. सकाळी निघून संध्याकाळी त्याच उंबऱ्यात परत येणारे. एकट्या आत्यांनी फौजी नवरा केला. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "आमच्या गच्चीवरून रेसचे घोडे दिसायचे. सगळं लहानपण त्यांना पळताना बघण्यात गेलं. मग एका जागी बांधून घ्यायला मन तयार होईना."

त्या पहिल्या भेटीत पश्चिमेचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत येत होतं. बाकीच्या सगळ्या खिडक्यांना निळे पडदे, हीच एक उघडी. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आत्या, पुढच्या वेळी येताना मी इथं पडदा लावून देतो."

"नक्को. पडदा आहे. सेटमधलाच आहे, तुम्ही बसलात त्याच पेटीत. पण लावायचा नाही. शेवटच्या खिडकीला पडदा लावला की पोस्टिंग येतं."

हे फौजी बायकांचं शास्त्र. घर पूर्ण लागलं, कुंडीतल्या टोमॅटोला फूल आलं, शेवटचा पडदा चढला, की बदलीची ऑर्डर निघालीच म्हणून समजा. मी हसून म्हणालो, "पण आत्या, आता तुम्हाला कोण पोस्टिंग देणार?"

आत्या रिकामे कप उचलून आत गेल्या. वैदेहीने माझ्याकडे असं बघितलं की मी चटकन रजयांवरून उठलो.

घरी जाताना ती म्हणाली, "त्यांना पोस्टिंग हवंय रे. म्हणून तर पेट्या भरून ठेवल्यात." मग काही दिवसांनी तिने आत्यांना सरळच विचारलं, आमच्याबरोबर राहायला चला. आत्यांनी मान ताठ करून सांगितलं, "ऑर्डरशिवाय मी कुठं गेले नाही, जात नाही. आणि भाचीच्या घरी बसून खायला मी काय रिटायर झालेय?"

पण आम्ही सिकंदराबादला असेपर्यंत आत्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. आठवड्यातून दोनदा रिक्षाने यायच्या, आमच्या क्वार्टरच्या दारातूनच नजर फिरवायच्या आणि वैदेहीला विचारायच्या, "छोट्या खोलीची खिडकी उघडीच आहे ना? ठेव तशीच."

तशीच राहिली असती. पण दिवाळीला माझ्यातला कलावंत जागा झाला. अफझलगंजला जाऊन पडद्याचा दांडा आणला, खास छापाचं कापड आणलं, भिंतीला गरजेपेक्षा जास्त भोकं पाडली आणि छोट्या खोलीला पडदा लावला. फार सुरेख दिसला. भाऊबीज होते न होते तोच वैदेहीची ऑर्डर आली: जोधपूर.

मी आत्यांना फोन केला. जोधपूर म्हणताच पलीकडून प्रश्न आला.

"लावलात ना?"

"हो."

"कैकू लावलात जी? उजेड खुपत होता तर डोळे मिटून बसायचं. हौलेच आहात, अगदी खुळे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या थर्मास घेऊन हजर. पदर खोचलेला, चेहरा असा उजळलेला की जणू लग्न त्यांच्याच घरचं आहे. आल्या आल्या त्यांनी प्रेशर कुकर माझ्या हातातून काढून घेतला. "हा रिकामाच चालला? हवा तिकडेही मिळते, इथून कशाला न्यायची?" मग कुकरमध्ये चमचे, चमच्यांच्या सांदीत काडेपेट्या, देवांच्या भोवती वैदेहीचे स्वेटर. "नवराबायकोची भांडणं पण एखाद्या पेटीत घालून टाकायची. नव्या गावात ती पेटी सापडेपर्यंत बरे दिवस जातात." वैदेही म्हणाली, "आत्या, ह्याच्यासाठी एक पेटी पुरणार नाही."

आणि खरोखरच पुरली नसती. मी पहिल्याच दिवशी एका पेटीचं झाकण बारा स्क्रूंनी पक्कं बसवलं आणि मग लक्षात आलं, दुसरा पेचकस आत राहिला. दुसरा म्हणजे चांगला. हातातल्या वाईट पेचकसाने ती उघडता उघडता त्याचं टोक तुटलं. आता पेटी बंद आणि तिच्यात वैदेहीचे परेडचे बूट, हेही तेव्हाच कळलं. आत्यांनी पदराच्या गाठीतून जुनं पाच पैशांचं नाणं काढलं आणि एकेक स्क्रू फिरवायला घेतला. "हल्लू हल्लू. घाई केली की स्क्रूला कळतं."

माझी खरी कामगिरी मात्र अक्षरांची. मी सगळ्या पेट्यांना नवा काळा रंग दिला आणि प्रत्येकीवर ऑइलपेंटने, झोकदार वळणात, 'जोधपूर' लिहिलं. आत्यांनी कमरेवर हात ठेवून ते बघितलं. "अक्षर छानच. पण गावाचं नाव खडूनं लिहायचं असतं. फौजेचं मन ट्रकमध्ये बसेपर्यंत बदलतं."

रंग वाळायच्या आत ऑर्डर बदलली. पठाणकोट. मी प्रत्येक जोधपूरवर काट मारत बसलो आणि आत्या थर्मासमधून चहा ओतत इतक्या हसल्या की त्यांना टेकायला जागा शोधावी लागली. टेकल्या आणि ओल्या रंगातला पांढरा 'धपू' त्यांच्या साडीवर उमटला.

ट्रक यायला दोन दिवस उरले तसं त्यांचं हसणं कमी झालं. काम संपत आलं होतं. दोरीचे उरलेले तुकडे गुंडाळत बसायच्या. आम्ही गेलो की परत ती मिटलेली झाकणं आणि त्या एकट्या, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. वैदेहीने पुन्हा विचारलं. "वैदू, एकदा सांगितलं ना," म्हणून आत्या रिक्षात बसल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांचा थर्मास परत करायला गेलो. दुसऱ्या हातात दांडा आणि ड्रिल होतं. आत्यांनी थर्मास घेतला, दांड्याकडे बघितलं. मी सरळ रजयांची पेटी उघडली. तळाशी निळा पडदा होता, घडीच्या रेषांवर फिकट झालेला. मी स्टुलावर चढलो. आता ओरडा बसणार म्हणून मान आत घेतली.

पण स्टूल डुगडुगायचं थांबलं. खाली बघितलं तर आत्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"डावीकडे वर घ्या," त्या म्हणाल्या. "वाकडा लावलात तर पोस्टिंग भलतीकडे येईल."

सकाळी वैदेही पूर्ण गणवेशात त्यांच्या दारात उभी राहिली. तिने कडक सलाम ठोकला आणि कागद उघडून वाचला: "श्रीमती मालतीबाई यांनी सर्व पेट्यांसह मेजर वैदेही यांच्या तुकडीत तात्काळ हजर व्हावे. कामाचे स्वरूप: जावयाला सामान बांधू न देणे."

आत्यांनी चष्मा लावून कागद तपासला. "अक्षर तर जावईबापूंचं आहे."

"सही माझी आहे," वैदेही म्हणाली.

"मेजरची सही, म्हणजे नाही म्हणता येत नाही." आत्यांनी कागदाची घडी करून कमरेला खोचली. "पण हे काम माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं. मदतीला माणूस दे." मग पेट्यांवरचं खडूचं 'सिकंदराबाद', जे एव्हाना जेमतेम दिसत होतं, पदराने पुसलं आणि खाली वाकून पठाणकोट लिहायला घेतलं. भरायचं जवळजवळ काहीच नव्हतं. कपबशा मोज्यांत गेल्या, झाकणं मिटली, झालं. वर्षानुवर्षांची तयारी चहा उकळेपर्यंत संपली.

ट्रक आला. पेट्या खाली गेल्या. आत्यांनी दाराला कुलूप घातलं, शेजारणीला द्यायची किल्ली मुठीत घेऊन अर्धा जिना उतरल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता डोळे पुसतील. मी रुमाल काढून तयार होतो.

त्यांनी रुमाल बाजूला सारून माझ्या हातावर किल्ली ठेवली.

"तो पडदा राहिला की वर. काढून आणा, जा. पठाणकोटनंतरच्या पोस्टिंगला लागेल."