मोजलेल्या वाट्या

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत पितळी वाट्या होत्या दहा. घरातल्या वस्तूंचा आकडा मला ठाऊक असतोच. पण त्या रोज जेवणानंतर मोजाव्यात असं मलाही कधी वाटलं नव्हतं. बायको मोजू लागली. ओठ हलायचे, आवाज नाही. फळीवर लावल्या की एकदा, मोरी धुऊन आली की पुन्हा.

आईने ते हेरलं. माझी बहीण घोडपदेवला राहायची आणि तिच्याकडे जाताना आईच्या पिशवीत काहीतरी असेच. मला गॅलरीत बोलावून ती म्हणाली, "झिला, तुझी बायको वाट्या मोजता. माका चोर समाजता?"

"सवय असेल तिची."

"इतक्या वर्सांनी लागली? मी चलले चेडवाकडे. मगे मोजा सगळी भांडी."

मी ते हसण्यावारी नेलं नाही. दिवाळीत चिवडा भरून गेलेली एक वाटी बहिणीकडून बरीच उशिरा परत आली होती, आणि बायकोच्या मनात तेच असावं अशी शंका मलाही होती. शिवाय ती हल्ली घरात बोलेनाशी झाली होती. परळच्या एका इस्पितळात ती ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते, आणि गोळीबार झाला तेव्हा जखमी तिथेच आले होते.

आई बहिणीकडे जायला बोचकं बांधू लागली तेव्हा मी बायकोला विचारलं, "आईवर संशय आहे का तुझा?"

"त्यांच्यावर कशाला? माझ्यावर आहे."

मग तिने सांगितलं. पोट शिवण्याआधी आत घातलेल्या गॉजच्या घड्या बाहेर आल्या की नाही ते दोघी नर्सनी मोठ्याने मोजायचं. दोघी 'बरोबर' म्हणाल्याशिवाय डॉक्टर टाका घालत नाहीत. गोळीबाराच्या दिवशी व्हरांडाभर स्ट्रेचर लागले होते. जोडीची नर्स तिकडे धावली. हिने एकटीने, मनातल्या मनात मोजल्या. पहिल्यांदा एक कमी भरली, दुसऱ्यांदा पुऱ्या. डॉक्टरांनी विचारलं आणि ही 'बरोबर' म्हणाली.

"माणूस कसा आहे?"

"चालत घरी गेला. लालबागचा आहे."

"मग झालं की."

"आत राहिलेलं कधीकधी फार उशिरा दुखतं. रोज बाहेरच्या रांगेत बघते, परत आलाय का."

आमच्या घरात एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं. आईनेही ते ऐकलं. बोचकं तिने सोडलं नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती फळीपाशी येऊन बसली.

"मोज गो. पण मोठ्यान मोज. माकाय कळांदे."

बायकोने मोजल्या. आई एकेका वाटीला बोट लावत गेली. शेवटी म्हणाली, "बरोबर."

बायको मोरी धुऊन आली. फळीकडे पाहताना तिचे ओठ पुन्हा हलले. आईचं लक्ष होतंच.

"परत?"

"परत."

आईने गुडघ्यावर हात टेकला, उठली, आणि दोघींनी पहिल्यापासून सुरुवात केली.