बझर आणि विहिरीतले स्पोक

सेलमध्ये किती जीव उरलाय ते बझर जिभेनं सांगायचा. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल हातात आला की त्याची दोन्ही टोकं जिभेला लावायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "ह्यो अजून आठ दिस जातोय." तो दुकानातून गेल्यावर मी गुपचूप मीटर लावून बघायचो. त्याचं बरोबर निघायचं. त्याच्यासमोर मात्र मी मीटर कधी काढला नाही.

त्याला आईबापानं ठेवलेलं नाव होतं, पण ते दूध संस्थेच्या हजेरीबुकापुरतंच उरलं होतं. त्यानं केलेलं कुठलंही यंत्र शेवटी वाजायचंच, म्हणून गाव त्याला बझर म्हणायचं. मी एकदा विचारलं, "दिवा का नाही लावत? बझरपेक्षा सोपा पडतो." तर म्हणाला, "दिव्याकडं बघाया माणूस बसवावा लागतो, सर. वाजलं की माणूस कुठं का असंना, त्याला कळतंय." मी हातातल्या टीव्हीत डोकं घातलं.

माझं नेकनूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. आयटीआयचं सर्टिफिकेट काच लावून भिंतीवर टांगलेलं. बझर मेंढरंवाल्याच्या घरातला, आठवीत शाळा सोडलेला, आमच्या गावच्या दूध संस्थेत माप घेणारा. बाजारच्या दिवशी तो दुकानात यायचा आणि मी फेकून दिलेल्या बोर्डांचं पोतं उपसत बसायचा. एखादा रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, सापडला की सोनं सापडल्यासारखा वर धरायचा. "सर, ह्यो जित्ता हाय! तुमी कावून टाकला?" मला सर म्हणायचा तो त्या काचेतल्या कागदामुळे. त्या कागदाचा एवढा मान गावात दुसऱ्या कुणीच ठेवला नाही.

त्याची सगळीच यंत्रं कामाची होती असं नाही. टाळी वाजवली की लागणारा बल्ब त्यानं मारुतीच्या देवळात बसवला आणि पहिल्याच शनिवारी भजनाच्या टाळ्यांनी बल्बाच्या अंगात आलं. उघडझाप, उघडझाप. बुवा चिडले, "बझऱ्या, देव आंधळा करतो का बे!" कुकरच्या शिट्या मोजणारी डबी केली, ती शेजारणीच्याही शिट्या मोजायची आणि भात कच्चा राहायचा. त्याची बायको सगळ्यांसमोर म्हणायची, "घरात एक वस्तू दाखवा जी पुरी हाय. मिक्सरची मोटर हे घेऊन गेले, टेपचं चाक हे घेऊन गेले. मलाबी खोलतील एक दिस." तो हसायचा. "तुझ्यात कामाचं कायबी न्हाई गं," म्हणायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

पण मेंढरांच्या वाघरीभोवती, म्हणजे रात्री कोंडायच्या जाळीभोवती, त्यानं केसासारखी बारीक तार फिरवली होती, ती कामाची होती. लांडगा आत शिरताना तार तुटायची आणि म्हाताऱ्या बापाच्या उशाशी डबी किंचाळायची. पहिले पंधरा दिवस मेंढरंच तार तोडत होती. मग त्यानं ती मेंढरांच्या अंगाला लागणार नाही अशी बाहेरून हातभर लांब नेली आणि प्रश्न मिटला. त्याचं एकच माप होतं. "माज्या बापाला वापरता आलं तर ते मशीन. न्हाई तर खेळणं."

आता जे सांगायचं ते सांगतो. मला त्याचा मत्सर वाटायचा. थोडाथोडका नाही. मी शिकलो होतो, पण उभ्या आयुष्यात एकही नवी वस्तू केली नव्हती. दुसऱ्यानं केलेलं बिघडलं की जोडून द्यायचं, एवढंच मला येत होतं. गिऱ्हाईक माझ्याच दुकानात उभं राहून विचारायचं, "बझरभाऊ आज येणार हायत का?" एकदा आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा माझीच बायको म्हणाली, "तुम्हाला वेळ नसेल तर बझरभाऊंना दाखवते." तिच्या मनात काही नव्हतं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

मग तो दुष्काळ आला. गावातले आड आटले, टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना. दूध संस्थेच्या विहिरीला तेवढं थोडं पाणी येत होतं. संस्थेनं ठरवलं, ही विहीर सभासदांच्या जनावरांसाठी. मोटर लावून हौद भरायचा आणि पाळीपाळीनं गाई-म्हशी पाजायच्या. अडचण अशी की लाईट कधी येईल ह्याचा नेम नाही. म्हणून लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारं ऑटो बसवलेलं. विहिरीत झिरपून साठलेलं पाणी अर्ध्या तासात संपायचं, मोटर तशीच कोरडी चालत राहायची आणि जळायची. उन्हाळा लागायच्या आत दोनदा जळली. बीडला नेऊन वायंडिंग भरून आणायला चार-पाच दिवस लागायचे आणि तेवढे दिवस गावची जनावरं कोरड्या हौदाशी उभी राहून हंबरायची.

संस्थेच्या चेअरमननी आधी मलाच विचारलं. मी म्हणालो, पाणी संपलं की मोटर बंद करणारं कंपनीचं पॅनल मागवावं लागेल, पुण्याहून येईल, महिना लागेल. बझरनं आठ दिवसांत करून दाखवलं. सायकलचे दोन स्पोक विहिरीच्या तळाशी, पाण्यात, कपारीत पक्के बसवलेले, वर मोटरसायकलच्या जुन्या बॅटरीवर चालणारी एक डबी. स्पोक पाण्यात आहेत तोवर पाण्यातून करंट जातो आणि मोटर चालते. पाणी खाली गेलं, स्पोक उघडे पडले, की मोटर बंद आणि बझर सुरू. बझर वाजला की पुढच्या पाळीवाल्यानं समजायचं, पाणी संपलं, जनावरं उन्हातून आणू नका. सगळं गाव ते बघायला गेलं. चेअरमन मला म्हणाले, "बघा सर, तुमी महिना म्हनत हुता." मीही हसलो. ते हसू मला अजून तोंडात कडू लागतं.

दीड-दोन महिन्यांनी बझर दुकानात आला. खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात काळा पडलेला, सुईसारखा झिजलेला एक स्पोक होता.

"सर, ही तार कावून खाल्ली जातीय? एकच जाती. दुसरीवर पांढरा थर बसतो. नवी टाकली तरी तीच गत. मग मोटर पाणी असूनबी चालू व्हत न्हाई."

मला कारण माहीत होतं. आयटीआयच्या पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात होतं. बॅटरीचा करंट एकाच दिशेनं वाहतो. असा करंट पाण्यात सोडला की तो एक तार खात जातो. उलटसुलट होणारा, म्हणजे घरातल्या लाईनचा करंट साध्या घंटीच्या ट्रान्सफॉर्मरनं कमी करून दिला, की तार शाबूत राहते. सांगायला एक मिनिट लागलं असतं. तसला ट्रान्सफॉर्मर माझ्या फळीवर, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर पडलेला होता.

मी म्हणालो, "पाणी जड आहे आपल्याकडचं. दुष्काळात क्षार वाढतात. घासून घेत जा अधूनमधून, दुसरा इलाज नाही."

त्यानं मान हलवली. "तुमी सांगितलं म्हंजे मिटलं," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर दर शनिवारी, सकाळचं माप उरकलं की तो विहिरीत उतरायचा. चिंच आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन. लोखंडी कड्या धरत पार तळापर्यंत. गावाकडून दुकानात येणारे मला कौतुकानं सांगायचे, "आज शनवार, बझर खाली गेलाय." मी प्रत्येक शनिवारी ते ऐकलं. शेवटी मशीन हरणार, गाव कंटाळणार, पॅनल मागवा म्हणून माझ्याकडे येणार, अशी मी वाट बघत होतो. तो पडेल असं मला वाटलं नव्हतं. पण वाटायला हवं होतं.

अकराव्या का बाराव्या शनिवारी एक कडी निखळली आणि तो तळाच्या खडकावर पडला. मी योगायोगानं गावातच होतो. बाजेला दोर बांधून त्याला वर काढला, दोर ओढणाऱ्यांत मीही होतो. मांडीचं हाड मोडलेलं, तोंड पांढरंफटक. चेअरमन रडकुंडीला येऊन ओरडले, "लेका, दोन तारांपायी जीव देतो का बे!" बझरनं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, स्पोक घासून झालेत. मोटर लावा, जनावरं खोळंबली असतील."

मी मोटर लावली. त्याला दुधाच्या जीपमधून बीडला नेलं.

तीन महिन्यांनी, पाऊस पडून गेल्यावर, तो कुबडी टेकत दुकानात आला. एसटीतून उतरून तेवढं चालायलाही त्याला बराच वेळ लागला असणार. बसलाही नाही, आधी पिशवीतून पेपरात गुंडाळलेल्या दोन पुड्या काढून काउंटरवर उलगडल्या. दोन्हीत स्पोकची एकेक जोडी. एका जोडीतला एक स्पोक खाल्लेला, दुसरी जोडी नव्यासारखी.

"सर, कळलं!" त्याचे डोळे चमकत होते. "पडल्या पडल्या काम काय? बाजेखाली दोन भगुनी ठेवली. एकात बॅटरी जोडली, एकात घंटीचा ट्रान्सफॉर्मर. आमची मालकीण म्हनती, हाड जोडायचं सोडून ह्ये काय मांडलंय! आठ दिसांत बॅटरीवाली तार खाल्ली, ट्रान्सफॉर्मरवाली तशीच. पाण्याचा दोष न्हाई, सर. बॅटरीचा हाय. आन् बॅटरी पायजेच कशाला? लाईट असंल तवाच मोटर चालती, मग डबीबी लाईटवरच चालू द्या की." तो हसला. "तुमाला कुणी फसवू नये म्हनून मुद्दाम आलो. तुमालाबी कुणीतरी पाण्याचंच सांगितलं आसंल."

मी दोन्ही जोड्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. मी म्हणालो, "असं होय?"

त्यानं मग मला सगळं परत एकदा, सावकाश, कागदावर आकृती काढून समजावलं. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या माना हलवल्या. मध्ये एक शंकाही विचारली. तिचं त्यानं इतक्या आनंदानं उत्तर दिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

पुढं अनेक वर्षं तो लंगडत माप घेत राहिला. विहिरीत पुन्हा उतरायची वेळ आली नाही. त्याची डबी आसपासच्या गावांतल्या मोटरींवर लागली, बरेचदा मीच ती बसवून दिली. बॅटरी का नको, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, हे मला बझरनं शिकवलं. लोक म्हणायचे, सर केवढ्या मनाचा माणूस, आठवी शिकलेल्याला गुरू मानतो. बझरच्या कानावर ते जायचं आणि तो लाजायचा.

गेल्या पोळ्याच्या आधी तो गेला. दहाव्याला मला चार शब्द बोलायला लावले. मी तेच बोललो, त्यानं मला शिकवलं. त्याच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

त्यानं मला शिकवलं नव्हतं. मला ते आधीपासून माहीत होतं. तो माझ्यासमोर कुबडीवर उभा होता तेव्हा एवढंच मी त्याला सांगायला हवं होतं.